पानाला विचारणाऱ्या मॅडम

नसीम मॅडम कुणाच्याही शेतात आल्या की आधी बांधावर उभ्या राहून मालकाला हाक मारायच्या. मालक आल्याशिवाय एका पानाला हात लावायच्या नाहीत. मालक घोटीच्या बाजाराला गेलेला असला तर तो येईपर्यंत तिथंच बसून राहायच्या. काखेत बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी. ती पेटी बघून आमच्याकडच्या बायकांना पहिल्यांदा वाटलं, कुल्फीवाली आली. एकीने भाव पण विचारला. मॅडम म्हणाल्या, "कुल्फी नाही ताई, रोगट पानं आहेत. देऊ का दोन?"

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. पण भाताचं मला कुणी शिकवलेलं खपत नव्हतं, अजूनही खपत नाही. रोप बघावं तर तात्याचं, असं लोक म्हणायचे, आणि लोक म्हणायचे नाहीत तेव्हा मी म्हणायचो. मॅडम मागच्या साली मालेगावला त्यांच्या माहेरी वारल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं, कारण मला तोंडावर खोटं पाडून परत माझ्याच घरी पोटभर जेवलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

दोन हजार सालाच्या जरा मागेपुढे माझ्या एका खाचरात भात पिवळं पडलं, खुजं राहिलं. मी म्हणालो, युरिया कमी पडला. टाकला. पुन्हा टाकला. पिवळं ते पिवळंच. त्यातच ह्या बाई बांधावर. सरकारी कामावर होत्या, भातावरच्या विषाणूंचा अभ्यास करायच्या. म्हणाल्या, "चाचा, ह्याला टुंग्रो म्हणतात. विषाणू आहे. हिरवा तुडतुडा एका रोपाचा रस पितो आणि दुसऱ्याला लावतो." मी म्हणालो, "मी चाचा नाय, तात्या. आणि तांदळाएवढा किडा माझं खाचर बसवतो, पार वाया घालवतो म्हणता?"

वाद घातला नाही त्यांनी. दोन कुंड्यांत माझंच चांगलं रोप लावलं, दोन्हींवर मच्छरदाणीचं कापड बांधलं. एका कुंडीत रोगट भातावरचे चार तुडतुडे सोडले, दुसरीत काही नाही. कुंड्या माझ्याच ओट्यावर ठेवल्या आणि निघून गेल्या. जाताना एवढंच बोलल्या, "अंदाज नको तात्या. पान काय सांगतं ते बघा." पंधरा-वीस दिवसांत तुडतुड्यांची कुंडी पिवळी झाली. दुसरी तशीच हिरवीगार. मी कुणाला बोललो नाही, पण त्या पुन्हा आल्या तेव्हा बायकोला म्हणालो, मॅडमला जेवायला वाढ.

पुढच्या साली आवणीच्या वेळी, म्हणजे भाताची लागण चालू होती तेव्हा, पेठहून निरोप आला. माझी सुमन तिकडे दिलेली. तिच्या सासऱ्यांचं रोप गुरांनी खाल्लं होतं. आमच्याकडे उरलेलं रोप फेकत नाहीत, सोयऱ्याला देतात, आणि इथं तर लेकीचं घर. तुडतुड्याचं ज्ञान मला आता झालेलंच होतं. म्हणून एकेक जुडी झटकली, ओढ्यात बुचकळून काढली, एक किडा राहू दिला नाही, आणि जीपभर रोप पाठवलं. मनात म्हणालो, एवढं धुऊन रोप आजवर कुणी दिलं नसेल.

गणपतीनंतर व्याह्यांचं भात पिवळं पडलं. त्या डोंगरात हा रोग कुणी बघितलेला नव्हता. व्याही चारचौघांत सुमनला म्हणाले, तुझ्या माहेराने आमचं रान बसवलं. तसा मी जीप करून गेलो आणि त्यांच्याच ओट्यावर त्यांना सुनावलं, की माझं रोप हिरवंगार होतं, रोग तुमच्याच रानातला. झालं. दिवाळीला सुमनला धाडलं नाही. निरोप आला, चूक कबूल करा, मग लेक न्या. मी म्हणालो, मेलो तरी नाय. इकडे बायको माझ्याशी बोलेना.

मग मीच मॅडमना गाठलं. माझ्याही त्या खाचरात पुन्हा पिवळं दिसत होतं, पण ते मी मोजत नव्हतो. दोन्हीकडची पानं घ्या आणि एकदाचं जगाला सांगा रोग कुणाचा, म्हणालो. त्यांनी काखेतली पेटी खाली ठेवली.

"पान खरं सांगेल तात्या. तुम्हाला चालेल?"

"मला न चालायला काय झालं?"

घोटीहून नाशिक, नाशिकहून पेठ, मांडीवर ती पेटी घेऊन बाई एसटीने फिरल्या. वाटेतल्या गावांतलीही पानं घेतली. पाकिटावर शेताचा नंबर घालायच्या, तोही पेन्सिलीने, कारण शाई भिजली की पळते. मालकाचं नाव कधीच नाही. कुणी नाव सांगायला लागला तर म्हणायच्या, "नाव नको, शेत सांगा."

दोन महिन्यांनी एक मोठा कागद घेऊन आल्या. त्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच ओळी. मला त्यातलं काय कळणार? मॅडमनी पेन्सिलीने काही अक्षरांना गोल केले आणि म्हणाल्या, एकेक ओळ म्हणजे एकेका शेतातल्या विषाणूची घडण. विषाणू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढत जातो. नक्कल काढताना कुठंतरी चुकतो, आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. गोल त्या चुकांना. म्हणून एकच रोग असला तरी इथला आणि तिथला अगदी सारखा नसतो. "माझे अब्बा विणकर. त्यांच्या मागाच्या फणीचा एक दात वाकडा होता. त्या मागावरच्या प्रत्येक कापडात एकाच जागी रेघ यायची. बाजारात कुठंही ते कापड दिसलं की मी सांगायची, हे आमच्या मागाचं."

मग एक ओळ दाखवली, माझ्या खाचराची. तिच्याखाली व्याह्यांची. गोल एकाखाली एक, त्याच जागी. मधल्या दोन गावांत रोग होता, पण त्यांचे गोल वेगळ्या जागी. बाकी गावांत रोगच नाही. तुडतुडा उडत गेला असता तर मधली गावं गाळून थेट व्याह्यांकडे उतरला नसता. जीपमधून रोप गेलं होतं. ओढ्यात किडा धुतला गेला, पण रोप रोगाने आधीच आतून धरलेलं होतं. लागण झाल्यावर पान पिवळं पडायला दिवस जातात, तोवर ते हिरवंगारच दिसतं.

मी कागद ढकलला. जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, व्याह्यांकडे चहा प्यायला असाल, त्यांचीच बाजू घेणार तुम्ही. बायको आतून म्हणाली, अहो, जिभेला काही हाड? मॅडम उठल्या. मला वाटलं, गेल्या. त्यांनी पेटी उघडली आणि म्हणाल्या, "पुन्हा पानं घेते. पुन्हा करते." तोवर भात कापून झालं होतं. ओलाव्याच्या जागी बुडख्यांना फुटवे आले होते, त्यांची पानं घेतली. पुन्हा पेठ. पुन्हा महिना-दीड महिना. पुन्हा कागद. गोल तिथेच.

ह्या खेपेला मी कागद ढकलला नाही. विचारलं, आता हे तुम्ही व्याह्यांना सांगणार? मॅडम म्हणाल्या, "मी कागदावर नाव लिहीत नाही, तोंडाने कशाला घेऊ? त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण सांगायचं काम तुमचं आहे."

आठ दिवस मी जेवताना पण त्या कागदाशीच भांडत होतो. नवव्या दिवशी पेठची एसटी धरली.

व्याही ओट्यावर होते, त्यांचे दोन भाऊ शेजारी. मी उभ्यानेच बोललो. "रोग माझ्याच रोपातनं आला. सुमनचा काही दोष नाय. काय बोलायचं ते मला बोला." आयुष्यात असं वाक्य मी दुसऱ्यांदा बोललेलो नाही. सुमन दारात येऊन उभी राहिली. व्याह्यांनी ओट्यावरची जागा हाताने झटकली. मग म्हणाले, "बसा तर खरं, व्याहीबुवा."

मी बसलो तेव्हा त्यांनी त्यांचं काढलं. माझ्या रोपातल्या उरलेल्या जुड्या त्यांनी वरच्या पाड्यावर बहिणीला दिल्या होत्या. तिचंही भात बसलं. बहिणीला सांगितलं होतं, तुझ्या रानाचाच दोष. मॅडमनी तिथलंही पान नेलं होतं आणि दुसऱ्या खेपेला आल्या तेव्हा कागदावर व्याह्यांना दाखवलं होतं, गोल त्याच जागी. महिना झाला होता, पण बहिणीकडे जायला त्यांचा पाय उचलत नव्हता. "आता तुम्ही आलाच आहात तर उद्या चला बरोबर," म्हणाले. भावांनी एकमेकांकडे बघितलं, त्यांनाही हे नवीनच होतं. सुमन म्हणाली, "आधी मला माहेरी सोडा, मग तुम्ही दोघं कुठं माफी मागत फिरायचं ते फिरा."

पुढच्या हंगामात मॅडम बांधावर आल्या आणि हाक मारली. मी ठरवूनच ठेवलं होतं. म्हणालो, "मॅडम, व्याह्यांनीही तेच केलेलं तुम्हाला ठाऊक होतं. माझी चूक दोनदोनदा दाखवलीत, त्यांची एकदाही बोलला नाहीत."

मॅडम पेन्सिलीने नंबर घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांची सांगितली असती तर तुम्ही पेठला गेला असता, तात्या?"

नसतोच गेलो.