बांगडी चढेना तेव्हा

वाचनालयातल्या मंडळींनो, आज फळ्यावर बातम्यांऐवजी घरचंच लिहितोय.

महिनाभर माझ्या बायकोचा, गंगूचा, चेहरा भरलेला दिसत होता. "अंगानं भरलीस की!" म्हणत मी खूश होतो.

आज सकाळी कासारमामा भवानी पेठेत आमच्या दारी आले. गंगूला नेहमीच्या मापाची बांगडी चढेना. मी म्हणालो, "मग मोठं माप द्या."

मामांनी तिच्या मनगटावर अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच!

"मालक, ही तब्येत न्हाय, सूज हाय. आधी डाक्तरकडं न्या."

डॉक्टरांनी काचेच्या नळीत तिची लघवी उकळली. ती नासलेल्या दुधासारखी पांढरी झाली. ते म्हणाले, "लघवीतून अंगातलं सत्त्व गळतंय, म्हणजे मूत्रपिंडं बिघडलीत. ती दुखत नाहीत, मुकाट झिजत जातात. लोक येतात ते धाप लागल्यावर. झिजलेलं परत येत नाही, पण तुमचं बरंच उरलंय, ते जपू. आजपासून मीठ कमी."

कासार बांगडी न भरता गेला, की आई अपशकुन मानते. आमच्या दारी एवढा मोठा शकुन कधी झाला नव्हता.

तुम्ही सध्या कुणाला "अंगानं भरलीस" म्हणताय? आधी अंगठा दाबून बघितलात का?