येते म्हणून गेलेली बाई

गाडी विकल्यापासून आक्राच्या या उपनगरात मी ट्रोट्रोनेच फिरते. ट्रोट्रो म्हणजे जुनाट मिनीबस. पूर्ण भरल्याशिवाय ती हलत नाही. आज शेजारच्या बाईंनी आपली टोपली माझ्या मांडीवर ठेवली आणि "आय ॲम कमिंग" म्हणत त्या खाली उतरून चालू लागल्या. इथे जाताना सगळे असंच म्हणतात. नवीन असताना मी गोंधळायचे. नवरा हसायचा. "अगं, आपण तरी वेगळं काय म्हणतो?"

खरंच होतं. गेल्या वर्षी ऑपरेशनला आत नेताना तोही सवयीने म्हणाला, "येतो गं." तो परत आला नाही. नंतर गाडी विकली, कारण ती चालवायचा तोच. रडू तेव्हाही आलं नाही.

बाईंची जागा सोडून बस भरली. कंडक्टरने दारातल्या एका प्रवाशाला ती रिकामी जागा बोटाने दाखवली. मी म्हटलं, "थांबा, येते म्हणाल्यात त्या." माझा आवाज अगदी ठाम होता.

बाई पाण्याच्या पिशव्या घेऊन लगबगीने आल्या. त्यांनी टोपली उचलून घेतली. माझे हात मात्र कितीतरी वेळ तसेच राहिले, काहीतरी धरून ठेवल्यासारखे.