पूजेआधीचं पान

आमचं घर तळोद्यात, मुसलमान सुतारांच्या आळीत. एका पावसाळ्यात थोरली मुलगी झाली आणि आठवड्याच्या आत वाऱ्यानं खोलीचं छप्पर उडवलं. बाळंतीण बायको बाळाला पोटाशी धरून कोपरे बदलत होती. शाकारायला सागाची पानं हवी होती, म्हणून मी डोंगराची वाट धरली.

डोंगरातल्या एका पाड्यावर ओळखीचा म्हातारा होता. नांगर घडवून घ्यायला तो माझ्याकडेच येई. घरी भिलोरी बोलणारा, माझ्याशी मात्र मोडकीतोडकी अहिराणी.

"पूजा होवा बगर सागनं पान आम्ही तोडतस नही," तो म्हणाला.

नव्या हिरवाईची ती पूजा. ती होईपर्यंत पाड्यावर कुणी कोवळ्या पानाला हात लावत नसे. पुजारी तापानं पडला होता, त्यामुळे दिवस ठरत नव्हता. मी ओट्यावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. समोरच सागाची झाडं पानांनी डवरलेली, आणि तिकडे माझं बाळ भिजत होतं.

"मी तोडीसन ली जास. मन्हा देव येगळा शे," मी चिडून म्हणालो.

म्हातारा रागावला नाही. "रान एकच शे ना," एवढंच बोलला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पोर कितलं शे?"

"आठ दिननं."

तो उठला. बायकोशी दोन शब्द बोलला आणि गोठ्याचं छप्पर उतरवायला लागला. गेल्या वर्षीची वाळकी पानं, खालच्या कामट्यांसकट.

"आनि तुन्ही ढोरं?"

"भिजतीस. पोर भिजाले नको."

त्याच्या लेकानं गाडी जुंपली. वाटेत सर आली की मी मागे वळून पाही. उघड्या गोठ्यातली त्याची बाकीची ढोरं डोळ्यांपुढून हलेनात. खोली शाकारली, बाळ कोरड्यात निजलं, तरी मला झोप लागली नाही.

पुजारी बरा झाला, पूजा झाल्याचा निरोप आला, तसा मी जाऊन त्याचा गोठा शाकारून दिला. पानं तोडताना तो प्रत्येक झाडावर थोडी राखत होता, मलाही राखायला लावत होता. तेव्हा खालच्या बाजूनं कुऱ्हाडींचे आवाज यायला लागले. सागवान तोडणाऱ्या ठेकेदाराची माणसं होती. म्हातारा हात थांबवून ऐकत राहिला. आवाज संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. परत येताना ती तोडलेली झाडं बघवणार नाहीत म्हणून मी त्या बाजूची वाट टाळली.