वारं

शेजारी कुणाच्या तरी गुडघ्यांसाठी निर्गुडीचं तेल गरम करतात आणि त्या वासाने माझं डोकं अजून फिरतं. नव्वदनंतरची गोष्ट. लग्न होऊन रोह्याला आले आणि वर्षभरात पाय जड होऊन चालणं अवघड झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. उकाड्याने त्रास वाढेल, हवेशीर राहा, जमेल तेवढं चाला, म्हणाले. सासूबाईंनी मात्र ठरवलं, अंगावरून वारं गेलंय. मग खोलीची एकुलती एक खिडकी बंद, फटींत चिंध्या. पेणला माहेरी जायचं, तर वाटेत वारा लागेल म्हणून तेही नाही. चैत्र आला तशी ती खोली भट्टी झाली. दुपारी डोळ्यांपुढचं सगळं पुसट व्हायचं. एकदा म्हटलं, "खिडकी तेवढी उघडा, मला दिसेनासं झालंय." त्या माझ्या पायांना निर्गुडीचं तेल चोळत म्हणाल्या, "नाय गो, वारा लागला तर हातपण जातील." मी तेलाची वाटी उचलली आणि खिडकीच्या काचेवर फेकली. काच फुटली, नदीवरचा वारा घामावर गार लागला, आणि क्षणभर मला बरं वाटलं. सासूबाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या. "हातात एवढं बळ हाय, मंग पायांनाच काय झालंय?" संध्याकाळी नवरा कंपनीतून आला आणि त्याने फुटलेल्या काचेच्या जागी फळी ठोकली. आज मी चाकांच्या खुर्चीत असते आणि खिडक्या पावसातही उघड्या ठेवते. आजाराने पाय नेले, त्याच्याशी माझं भांडण मिटलं. त्या फळीशी नाही.