दोन इंजिनं आणि सोलापूरचं ऊन

जुहूहून पहाटे निघालो तेव्हा माझा मित्र सदानंद विमान चालवत होता आणि मी शेजारी बसून त्याचं डोकं खात होतो. बाहत्तर-त्र्याहत्तरचा उन्हाळा. विमान एका कापड व्यापाऱ्याचं, सहा जणांचं, दोन इंजिनांचं. सोलापूरच्या एका आजारी बाईंना मुंबईला आणायचं होतं. जाताना जागा रिकाम्या, म्हणून माझी वर्णी लागली.

एक इंजिन बंद पडलं तर काय, असं मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यानं भीमेच्या वर डाव्या इंजिनाचा जोर काढूनच घेतला. नाक डावीकडे वळलं. सदानंदनं उजवा पाय दाबून विमान सरळ केलं. गार हवेत, रिकाम्या विमानात उंची टिकली, पण वर काही ते चढेना. मला भलतीच गंमत वाटली.

सोलापूरच्या धावपट्टीवर मल्लिनाथअप्पा न्यायला आले होते. अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना. आजारी होत्या त्यांच्या अव्वा (आई). एक डोळा पूर्वीच गेलेला, दुसऱ्याचा पडदा सुटू लागलेला. लवकर शस्त्रक्रिया झाली नाही तर कायमचा अंधार, आणि प्रवासात धक्के नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ऊन चढायच्या आत परत फिरायचं, हा सदानंदचा हट्ट. पण पाहुणे उपाशी कसे जातील? कडक भाकरी आणि शेंगांची चटणी झाली, मग हुग्गी (गव्हाची खीर) आली. मी कशालाच नाही म्हटलं नाही. विमानापाशी पोचेपर्यंत भर दुपार झाली होती, आणि मागून चादरींचे गठ्ठे घेऊन जीप आली.

सदानंदनं गठ्ठे परत पाठवले. अप्पांना थांबायला सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझं वजन मित्रमंडळात प्रसिद्ध आहे.

अप्पा दुखावले. "दोन इंजिनं हायत की वो. एक बंद पडलं तर दुसरं हाय न्हवं?"

"या उन्हात हवा पातळ होते, अप्पा. इतकं ओझं घेऊन एका इंजिनावर विमान वर जात नाही, खाली येतं."

अव्वा आणि त्यांच्या सूनबाई तेवढ्या बसल्या; अप्पा आणि मी खालीच राहिलो. मला सदानंदचा रागच आला होता.

विमान जेमतेम वर उठलं आणि डाव्या इंजिनातून धूर निघाला. त्या बाजूचा पंखा थांबला. बाभळींच्या शेंड्यांवरून विमान सरकत गेलं, चढेचना. अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि ग्रामदैवत सिद्धरामाचं नाव घेत राहिले. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. मोठा वळसा घेऊन ते कसंबसं परत टेकलं. सदानंद घामानं निथळत उतरला.

दुरुस्तीला वेळ लागणार होता. अव्वांचा डोळा तेवढा थांबणार नव्हता, म्हणून धक्क्यांची भीती असूनही आम्ही रेल्वेनंच निघालो. मुंबईपर्यंत त्यांचं डोकं हलू नये म्हणून सूनबाई, अप्पा आणि मी आळीपाळीनं ते ओंजळीत धरून बसलो. त्या प्रवासात इंजिनांबद्दल मी कुणाला काही विचारलं नाही.

पट्टी सुटली त्या दिवशी सदानंद आणि मी इस्पितळात गेलो. अव्वांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, आणि सदानंदला म्हणाल्या, "ह्येला उतरवलास ते लई बरं केलास, बाबा."