पोट्टी तर समोर उभी आहे

भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर पोरींची रिले घेत होते. कुसुमआत्या गेली होती. रायपूरच्या घरीच, झोपेत. शिट्टी हातात धरून मी उभी राहिले... पोरी मात्र पळतच होत्या. आत्याला ते आवडलं असतं.

बाबांची ही धाकटी बहीण रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क होती. स्वतः कधी खेळली नाही. पण कागदाला भ्यायची नाही. मी तेव्हा बारावीत, आठशे मीटर पळायची. राज्य नुकतंच नवं झालेलं, रायपूर राजधानी, रोज कुठे ना कुठे नवी पाटी लागत होती. राज्याच्या पहिल्यावहिल्या संघात माझं नाव आलं तसं आत्यानं ऑफिसात पेढे वाटले आणि नागपूरच्या एका कॉलेजचा फॉर्म मागवला. तिथे खेळाडूंसाठी राखीव जागा होती, होस्टेल होतं. बाबा म्हणाले, "काहून? इथं कॉलेजं नाहीत का?"

"आहेत नं दादा. पण हिले पळवणारं कोणी नाही."

फॉर्म तिनंच भरला, आधी पेन्सिलीनं, मग शाईनं. म्हणाली, "खाडाखोड केली तर त्यांना वाटते, आपल्यालेच खात्री नाही."

शेवटच्या तारखेला सकाळच्या गाडीनं आम्ही नागपूर गाठलं. कॉलेजच्या खिडकीतल्या बाबूनं माझं खेळाचं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं. "हे राज्य आमच्या यादीत नाही. जुन्या राज्याचं आणा." जुन्या राज्याकडून मी कधी खेळलेच नव्हते. आत्याचा आवाज चढला नाही.

"राज्य नसन यादीत. पोट्टी तर समोर उभी आहे. तिले पळवून पाहा."

बाबू हसला, पण मागे बसलेले खेळाचे सर उठले. भर उन्हात त्यांनी मला कॉलेजच्या दोघींसोबत उभं केलं. पहिल्या फेरीत मी मागेच. दुसऱ्या फेरीच्या वळणावर पाहते तर आत्या पदर खोचून, फाईल छातीशी धरून, आतल्या कडेनं माझ्यासोबत धावून राहिली होती. "चाल, अजून आहे तुझ्यात." एक मागे पडली, मग दुसरी. सरांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि बाबूला म्हणाले, "फॉर्म घ्या. यादीचं मी बघतो." परतीच्या गाडीत आम्ही दोघी दुर्ग येईपर्यंत हसत होतो... उगाचच.

पुढे रायपुरातल्याच पंडरीच्या, भनपुरीच्या कितीतरी खेळाडू पोरी तिच्याकडे फॉर्म भरायला येत राहिल्या. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत होते, तर दारात एक उंच मुलगी आली, काखेत कागद. "दीदी, आंटी हैं क्या?" मी सांगितलं. ती जायला वळली.

"थांब," मी म्हटलं. "लास्ट डेट कब है?"

"कल."

आत्याच्या खुर्चीवरची उशी एका बाजूनं अजून दबलेली होती. मी त्या खुर्चीवर बसले. "बैस," मी म्हटलं आणि पेन्सिल घेतली.