एक जूनची फुलं

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे एक जूनची यादी कळवण्यासाठी फुलवाल्या हौसाताईंना फोन केला. तो त्यांच्या सुनेने, पूनमने उचलला. "मॅडम, आत्या गेल्या... मागच्या सोमवारी." सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडे पद्धत आहे. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत, एवढंच तिने सांगितलं. मग तिनेच विचारलं, "एक तारखेचे यंदा किती हायेत?" मी म्हटलं, एकतीस. ती म्हणाली, यादी पाठवा, आमी करू. फोन ठेवून मी समोरचा हजेरीचा तक्ता पूर्ण केला, कारण तो पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. पूनमने एक प्रश्न विचारला नव्हता, तो हौसाताई दर वर्षी विचारायच्या, हे मला संध्याकाळी आकुर्डीला घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं.

एक जूनचं बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कामगार विभाग सांभाळते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नवे प्लँटचे साहेब आले. त्यांनी ठरवलं की प्रत्येक कायम कामगाराच्या वाढदिवसाला ताज्या फुलांचा गुच्छ पाठवायचा, आणि तो कंपनीत न देता त्याच्या घरी पोचवायचा, म्हणजे घरच्यांनाही कळेल. कामगारांनी मला जेवणाच्या सुट्टीत गाठून सांगितलं, "मॅडम, फुलं राहू द्या, दोन ओव्हरटाइम वाढवून द्या." मी यादी काढली. एरवी महिन्याला तीन-चार नावं आणि एक जूनला एकदम सव्वीस. साहेबांना वाटलं, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी गडबड आहे. गडबड नव्हती. आमचे निम्मे लोक इथल्या खेड्यांतले, निम्मे बीड-परभणीकडचे. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा घरात जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून गुरुजींनी एक जून लिहिली. तीच दाखल्यावर आली, तीच आधारकार्डावर, तीच आमच्याकडे.

पिंपरीतले आणि वाकडचे मोठे फुलवाले चिखलीच्या गल्ल्यांत आणि चाकणच्या मागच्या खेड्यांत यायला तयार होईनात. मग कँटीनमधल्या कुणीतरी हौसाताईंचं नाव सांगितलं. चाकणच्या चौकापासून थोडं आत, रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. नऊवारीवर पुरुषी शर्ट घालून एक साठीच्या आसपासची बाई पाण्याच्या बादलीत गुलाबांचे देठ कापत बसली होती. मी कंपनीचं नाव सांगितल्यावर म्हणाली, "ठावं हाय. तुमचं कँटीन हाय ना, तितं आमचा कांदा पडायचा." त्यात तक्रार नव्हती, पत्ता सांगितल्यासारखं सांगितलं. कंपनीत गेलेल्या जमिनीचा उरलेला तुकडा घरामागे होता, त्यात निशिगंध आणि गुलाब. आधी त्या हार करायच्या. गुच्छ कुणी शिकवला, असं मी विचारलं. कुठल्याशा सत्कारानंतर खुर्चीवर टाकून दिलेला एक गुच्छ त्यांनी घरी आणला, ओट्यावर सगळा उसकटला आणि पुन्हा बांधला. चौथ्या वेळी जमला म्हणे.

गुच्छ पोचवायची त्यांची एक रीत होती आणि सुरुवातीला मला ती अजिबात पसंत नव्हती. त्या स्वतः स्कूटीवर जायच्या आणि दारात फुलं देऊन परत फिरायच्या नाहीत. आत जायच्या, चकचकीत कागद काढायच्या, पाणी मागायच्या. कारण आमच्या भागातल्या घरांत फुलदाणी नसते. आलेला गुच्छ लोक कागदासकट टीव्हीवर आडवा ठेवतात, नाहीतर खिळ्याला टांगतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, कसली फुलं, लगेच माना टाकल्या. म्हणून हौसाताई लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या जमवायच्या, घासून त्यांचा वास घालवायच्या आणि प्रत्येक गुच्छाबरोबर एक न्यायच्या. बरणीत पाणी, पाण्यात चिमूटभर साखर, फुलं उभी करून घरातल्या बाईला सूचना: उन्हात ठेवायची नाहीत, पाणी रोज बदलायचं, देठ रोज नखभर कापायचे. एका गुच्छाला वीस मिनिटं. मी त्यांना एकदा म्हटलं, ताई, तुमचं काम पोचवायचं आहे, शिकवणी घ्यायचं नाही. त्या म्हणाल्या, "दारात टेकवलं म्हंजी पोचलं व्हय?"

गमतीही व्हायच्या. वाकडला आयटीत असलेल्या एका मुलाने त्यांच्याकडून आपल्या आईला खेड्यात फुलं पाठवली. आईने गुच्छ सोडून प्रत्येक गुलाबाची पाकळीन् पाकळी देवांना वाहिली आणि वर मुलाला फोन केला की एवढी कशाला पाठवलीस, आपले देव पाचच आहेत. तो दुकानात येऊन कुरकुरला. हौसाताईंनी त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं आणि पुढच्या वेळी त्या माउलीला दोन जुड्या नेल्या, एक देवांची आणि एक बरणीतली. चिखलीत एका घरी नवऱ्याच्या वाढदिवसाचा गुच्छ आला तर सासूने सुनेलाच दारात उभं करून विचारलं, हा कोण पाठवतो? हौसाताई तिथेच मांडी घालून बसल्या आणि यादी दाखवून मगच उठल्या. त्यांना वाचता फार येत नव्हतं. नाव कुठल्या ओळीवर आहे ते मात्र पाठ असायचं.

आता जे सांगायचं आहे ते चार वर्षांपूर्वीचं. आमच्या प्रेस शॉपमधला बबन मेच्या मध्यावर गेला. हृदयविकाराचा झटका, वय चाळीसच्या आत. मूळचा परभणीकडचा, राहायला चिखलीत. मी स्वतः त्याच्या कागदपत्रांची पूर्तता केली, त्याच्या पत्नीच्या, सुनंदाच्या सह्या घेतल्या, हजेरीपटावरून नाव कमी केलं. वाढदिवसाच्या यादीवरून कमी केलं नाही. ती यादी मी एप्रिलमध्येच करून ठेवलेली असायची, आणि एक जूनची तर लांबलचक. ती तशीच हौसाताईंना गेली.

एक जूनला सकाळी त्या बबनच्या घरी पोचल्या. सुनंदा गावी दहावं-तेरावं उरकून आदल्याच दिवशी परतली होती. पायरीवर डोकं भादरलेला दीर बसलेला. त्याला पाहून हौसाताईंना कळायला हवं ते कळलं, पण तोवर गुच्छ हातात होता आणि रिबिनीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा. दिराने ते वाचलं. हौसाताईंनी रिबीन आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात कोंबली, लाल गुलाब पिशवीत टाकले, पायरीवर त्याच्या शेजारी बसून निशिगंधाचा हार ओवला. सुईदोरा त्यांच्याकडे कायम असायचाच. आत जाऊन फोटोला घातला, उरलेली फुलं बरणीत ठेवली आणि सुनंदाला सांगितलं, कंपनीनं पाठवलीत. सुनंदाने हात जोडले.

दीर मात्र तिसऱ्या दिवशी कंपनीच्या फाटकावर येऊन जे बोलायचं ते बोलला, आणि त्याचं बरोबरच होतं. मेलेल्या माणसाला उदंड आयुष्य चिंतता का? साहेबांनी मला आणि हौसाताईंना केबिनमध्ये बोलावलं. माझ्या मांडीवर फाइल होती. साहेबांनी विचारलं, यादीत त्याचं नाव होतं का? मी तोंड उघडायच्या आत हौसाताई म्हणाल्या, "न्हवतं सायेब. मागल्या वर्साचा कागुद हाती धरला म्या." नाव फाइलमध्ये होतं, तेराव्या ओळीवर. मी फाइल उघडली नाही. साहेबांनी तिथल्या तिथे त्यांचं काम बंद करून पिंपरीच्या एका फुलवाल्याला दिलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना विचारलं, असं का केलंत? त्या चपला घालत म्हणाल्या, "तुमची नोकरी हाय, माजं दुकान हाय. दुकानातून मला कोन काढतंय?" आणि फाटकाकडे चालू लागल्या. मी संध्याकाळपर्यंत साहेबांना सांगेन असं ठरवलं होतं. मग सोमवारी. मग तो विषय निघेनासा झाला आणि मीही काढला नाही.

साहेबांची वर्षभराने बदली झाली. पिंपरीचा फुलवाला गुच्छ फाटकावर टाकून जायचा. त्याचं काम थांबवून मी हौसाताईंना परत आणलं. कारण कुणाला सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. फक्त त्यानंतर दर मेमध्ये यादी सांगायला फोन केला की त्या सगळी नावं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "समदे हायेत न्हवं, मॅडम?" टोमणा होता की चौकशी, मला कधी ठरवता आलं नाही. मी म्हणायची, आहेत. मग त्या विषय बदलायच्या. निशिगंधावर कीड पडली, गुलाबाला ऊन सोसत नाही, असलं काहीतरी.

यंदा एक जूनला पूनमने एकतीस गुच्छ वेळेवर पोचवले, बरण्यांसकट. तीन तारखेला मला एक फोन आला. बाई चाचरत बोलत होती. "मी सुनंदा... प्रेस शॉपच्या बबनची. आमच्या ह्यांच्या वाढदिवसाला कंपनीची फुलं येतात दर वर्षी. ह्या वर्षी आली नाहीत. मागत नाही हो मी. नुसतं विचारायलेय, नाव कमी केलं का आता?"

आमच्या एकाही यादीत बबनचं नाव त्या वर्षानंतर नव्हतं. पिंपरीचा फुलवाला होता त्या वर्षीही तिच्याकडे फुलं गेली होती, म्हणजे ती आमच्या कंपनीची असणं शक्यच नव्हतं. मी पूनमला विचारलं. ती म्हणाली, एक तारखेला आत्या सगळ्यात आधी चिखलीला एकट्याच जायच्या, कुणाकडे ते आमी कधी इचारलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकली, पूनमकडून निशिगंध घेतला आणि चिखलीला गेले. सुनंदा आता शिवणकाम करते. खिडकीत एक काचेची बरणी घासून पालथी घातलेली होती. तिने फुलांकडे पाहिलं आणि विचारलं, "कंपनीनं पाठवली?" मी म्हटलं, नाही. बबन गेला त्या वर्षानंतर कंपनीने कधीच पाठवली नव्हती, हौसाताई आणत होत्या, आणि आता त्या नाहीत. त्या वर्षी आली ती वाढदिवसाची फुलं होती.

"ते ठाऊक आहे," ती म्हणाली. "दिरानं त्याच दिवशी सांगितलं होतं. त्या बाईंची चूक झाली म्हणून."

"त्यांची नाही. यादी माझी होती."

तिने शिलाई मशीनवरचं कापड सरळ केलं. आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा टाकला आणि तिथूनच सांगितलं, "तसा त्यांचा वाढदिवस एक जूनला नव्हताच. गुरुजींनी घातलेली तारीख. खरी त्यांच्या आईलाही माहीत नव्हती. आम्ही कधी वाढदिवस केलाच नाही. ती फुलं यायला लागल्यापासून एक जून धरतो... पोरगी शिरा करते त्या दिवशी."

हे मी इथे लिहिते आहे, कारण चाकणमध्ये अजूनही काही जण हौसाताईंचं नाव निघालं की मयताच्या घरी वाढदिवसाची फुलं नेणारी बाई, अशीच ओळख सांगतात. पूनमला दुकान चालवायचं आहे. तेव्हा ज्यांना सांगायचं आहे त्यांनी यापुढे माझं नाव सांगावं. आमच्या आत्ताच्या साहेबांना मी तोंडी आणि लेखी दोन्ही कळवलं आहे. त्यांनी कागद वाचून घेतला आणि फाइलला लावला.

चहा होईपर्यंत मी बरणी सरळ केली, पाणी भरलं, साखर मागून घेतली. देठ नखभर कापायला कात्री सुनंदाची वापरली, शिवणाची होती, तिने हरकत घेतली नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत एक जूनखाली मी पेनाने बबनचं नाव लिहून ठेवलं आहे, तेराव्याच ओळीवर. कार्यालयात आल्यावर पूनमला फोन करून सांगितलं. तिने पत्ता उतरवून घेतला आणि विचारलं, "बरणी कुठली देऊ, मोठी का मधली?"

म्हटलं, बरणी आहे त्यांच्याकडे.